उष्मांकांची खतावणी

आश्विन सरत आला की मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एका ठरावीक प्रकारचे लेखन डोके वर काढते. त्यात एक चौकट असते. चौकटीत करंजी, चकली, अनारसा, शंकरपाळे, बेसनाचा लाडू अशी नावे एकाखाली एक मांडलेली असतात आणि प्रत्येक नावासमोर एक आकडा असतो. चौकटीच्या खाली, इतका आकडा 'जाळण्यासाठी' किती मिनिटे चालावे, किती जिने चढावेत, याचा हिशेब दिलेला असतो. हे लेखन आरोग्यविषयक मानले जात असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे कधी वळून पाहिले नाही. आमच्या मते ही चूक झाली. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा रूढ केल्यापासून फराळ आणि वाचन यांची जी जोडी आपल्याकडे जमली, तिच्यात आता हा तिसरा अंक, म्हणजे उष्मांक, येऊन बसला आहे. आणि त्याचा वाचकवर्ग कोणत्याही दिवाळी अंकाहून मोठा आहे.

या लेखनाचे व्याकरण पाहावे. पहिले वाक्य मुभा देते आणि दुसरे ती काढून घेते. 'सण आहे, जरूर खा' असे म्हणून होताच एक 'पण' येतो, आणि त्या 'पण'नंतरचा सारा मजकूर तंबीच्या सुरात चालतो. शब्दकळा तर त्याहून बोलकी आहे. मनसोक्त खाण्याच्या दिवसाला 'चीट डे' म्हणायचे, म्हणजे जेवण ही लबाडी ठरली. साखर कमी घातलेल्या लाडवाला 'गिल्ट-फ्री' म्हणायचे, म्हणजे उरलेले सारे लाडू अपराध ठरले. सणानंतर 'डिटॉक्स' करायचा, म्हणजे शुद्धी आली. लबाडी, अपराध, प्रायश्चित्त, शुद्धी हा सारा क्रम आपल्या व्रतवैकल्यांच्या पोथ्यांतून उचललेला आहे. केवळ फलश्रुतीच्या जागी वजनकाटा आला आहे. पोथीला निदान आपण पोथी आहोत हे ठाऊक होते. हे लेखन मात्र स्वतःला विज्ञान म्हणवते.

आमचा आक्षेप उष्मांकाला नाही. उष्मांक हे एक उपयुक्त माप आहे. तो चुकीच्या दिवशी, चुकीच्या माणसाच्या ताटात आणि चुकीच्या हेतूने मोजला जातो, हा आमचा आक्षेप आहे.

इंदापूर तालुक्यातल्या कळस या गावी आमच्यापैकी एकाचे घर आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊबिजेला पुण्याहून भाची आईबरोबर आजोळी आली होती. महाविद्यालयात शिकणारी, अंगाने किडकिडीतच म्हणावी अशी. फराळाचे ताट समोर येताच तिने आधी मोबाइल काढला. चकली एक, चिवडा अर्धी वाटी, अशी नोंद सुरू झाली. करंजीपाशी ती अडली. यंत्राला करंजीचे नाव ठाऊक होते, आकार ठाऊक नव्हता. ते 'एक नग' एवढेच विचारत होते. शहरातल्या दुकानातल्या दोन करंज्या आमच्या घरच्या एकीत मावल्या असत्या. ओसरीवर बसलेली आजी हे सारे पाहत होती. तिने विचारले, "कुणाचं देणं लिवून ठेवतीस गं?" सगळे हसले. मुलगीही हसली. त्या रात्री निजानीज झाल्यावर फळीवरचा डबा वाजला. स्वयंपाकघरात दिवा न लावता ती उभ्याउभ्या करंज्या खात होती. आकडा राखण्यासाठी तिने सकाळपासून जेवण टाळले होते, हे नंतर कळले. दुसऱ्या दिवशी तिने 'उपास आहे' असे सांगून पुन्हा काही खाल्ले नाही. तिला खतावणी जुळवायची होती.

आजीचा प्रश्न विनोदाने घेतला गेला, तरी तो आमच्या मनातून गेला नाही. या मुलुखात 'लिहून ठेवलेले देणे' हा शब्दप्रयोग साधा नाही. कळसच्या पश्चिमेला, शेजारच्या बारामती तालुक्यातील सुपे या गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि कर्जरोखे व वह्या जाळल्या. आसपासच्या तालुक्यांत तो वणवा पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे असे नाव आहे. त्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता, याची नोंद सर्वांनीच केली आहे. कारण त्या कागदावर मुद्दल कधी फिटत नसे आणि आकडा कसा वाढला हे ऋणकोला कधी कळत नसे. आज त्याच भागातली शिकलेली मुलगी स्वतःच्या हाताने अशी वही लिहिते, हप्ते स्वतःच ठरवते, आणि चुकले की जप्तीही स्वतःवरच आणते. धनको मात्र कुठेच दिसत नाही. ही प्रगती म्हणावी की काय, हे वाचकांनी ठरवावे.

आता या मापाचे कूळ पाहू. आपण ज्याला उष्मांक म्हणतो तो वस्तुतः किलोकॅलरी. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला लागणारी उष्णता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणसाला बंद कक्षात ठेवून त्याच्या आहाराचा आणि उष्णतेचा ताळेबंद मांडला. पिष्ट व प्रथिने यांचे दर ग्रॅमला ४ आणि स्निग्धाचे ९ हे आजही वापरले जाणारे ठोकताळे त्यांच्याच कामातून आले. अन्नाचा पैसा कमी असलेल्या कुटुंबांना कमी खर्चात पुरेसे पोषण कसे मिळेल, ही त्यांची एक मोठी चिंता होती. १९१८ साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंच्या पुस्तकाने हेच माप मध्यमवर्गीय स्त्रीच्या हाती दिले आणि तिला सांगितले की, यापुढे पोळीच्या तुकड्याकडे तुकडा म्हणून न पाहता आकडा म्हणून पाहावे. भूक मोजण्याची फूटपट्टी तिथे पहिल्यांदा उलटी धरली गेली.

आपल्याकडे मात्र या मापाचा सार्वजनिक जन्म भुकेच्या प्रश्नातूनच झाला. त्याची पूर्वपीठिका कडू आहे. उष्मांक हा शब्दही नव्हता तेव्हा, १८७७च्या दुष्काळात, सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, धान्य पुरेल असे ठरवले होते. माणूस किती कमी अन्नात जगवता येईल, याचा तो सरकारी हिशेब होता. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७१ साली, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढाही खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, असा त्यांचा निकष होता. १९७९च्या सरकारी कार्यगटाने तो ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० असा केला. म्हणजे पुणे जिल्ह्यात आठ-नऊ वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या असत्या तर त्यांचा विरोध लगेच डोळ्यांत भरला असता: एका टेबलावर 'दुसऱ्याला पुरेसे मिळाले का' हे विचारण्यासाठी उष्मांक मोजले जात आहेत, आणि दुसऱ्यावर 'मी फार खाल्ले का' हे विचारण्यासाठी. दोहोंमध्ये पन्नास वर्षे गेल्यामुळे आपल्याला पहिल्या टेबलाचा विसर पडला आहे.

तो विसर कळससारख्या गावात तरी पडायला नको होता. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वभाग अवर्षणाचा. १९७२च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे अजून ओसरीवर बसलेली आहेत. खडी फोडायची, बांध घालायचे, आणि सुकडी किंवा परदेशातून आलेला लाल मिलो खायचा. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. आमच्या घरातली आजी त्यांतली एक. तिच्या लेखी तळलेली करंजी हा आकडा असूच शकत नाही. ती एका वर्षाने दुसऱ्या वर्षाला दिलेली ग्वाही आहे.

इथे आमचे काही मित्र टाळ्या वाजवतील, त्यांना थांबवले पाहिजे. 'आपले पूर्वज पुरणपोळीवर तुपाची धार धरत होते, त्यांना कुठे काय झाले' असे म्हणणारा हा दुसरा पक्ष. आम्ही विचारतो, कोणाचे पूर्वज? तुपाची धार ज्यांच्या ताटात पडत होती त्यांची संख्या किती होती? पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात बालपण गेलेल्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' उघडावे. वर्षभराच्या उपासमारीच्या पार्श्वभूमीवर सणाचे मोजके दिवस कसे उजळतात, ते तिथे दिसते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आपल्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाला ते एका अक्षराचे उत्तर आहे. मराठी साहित्यात भुकेची नोंद एवढी विपुल असताना, 'आपल्याकडे पूर्वी सगळे भरपेट खात होते' हे विधान साहित्याच्या शिक्षकाने तरी ऐकून घेऊ नये. मेजवानी ही मेजवानी होती, कारण उरलेले दिवस भाकरी, कालवण आणि क्वचित नुसत्या मिरचीचे होते. एकादशीला दुप्पट खाण्याची थट्टा करणारी म्हण आपल्याकडे आहेच. उपासाच्या नावाने साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप चेपणाऱ्यांना ती म्हण उद्देशून आहे. परंपरेला अतिभोजन ठाऊक होते आणि त्यातला ढोंगीपणाही ठाऊक होता. तिला सोवळी ठरवण्याचे कारण नाही.

शिवाय या मित्रांना शरीराचे उत्तर द्यावे लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा दीर्घ अभ्यास केला. इथली बाळे सरासरी सुमारे २.७ किलो वजनाची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची सुमारे साडेतीन किलोंची. आमची बाळे सर्वच मापांनी लहान निघाली. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण. अनेक पिढ्यांच्या टंचाईची खूण गर्भातच उमटते, आणि पुढे मुबलक अन्न मिळाले की अशा शरीराला मधुमेहाचा धोका अधिक असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सर्वेक्षणाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. खेडे आता त्यातून सुटलेले नाही. तेव्हा 'काही होत नाही' हे खोटे आहे. होते, आणि ज्यांच्या आज्या-पणज्या उपाशी राहिल्या त्यांना होण्याची भीती अधिक. शरीराची ही जुनी वही मोबाइलवरच्या चौकटीत कुठेच नाही, हीच तर आमची तक्रार आहे.

मग दिवाळीच्या चौकटीने नेमके काय साधते? साधा गुणाकार करू. दिवाळीचे पाच दिवस कोणी रोज गरजेपेक्षा १,००० उष्मांक जास्त खाल्ले असे धरू. एकूण ५,००० झाले. आता आमच्या भागातला चहा घेऊ. कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. घरी, रानात, चावडीवर, पाहुण्यांबरोबर मिळून दिवसाला पाच कप. पन्नास ग्रॅम साखर, २०० उष्मांक. वर्षाचे ७३,००० झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शिकेनुसार वरून घातलेल्या साखरेसारखी शर्करा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांखाली असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ती मर्यादा ५० ग्रॅमची होते. म्हणजे मर्यादा चहाच्या कपातच बुडाली. तरीही आषाढातल्या एखाद्या मंगळवारच्या चहावर कोणी चौकट छापत नाही. कारण त्या चहात उत्सव नाही, म्हणून पापही नाही. चौकटीला आहार सुधारायचा असता तर तिने वर्षाचे ३६० दिवस पाहिले असते. ती पाच दिवसांवर डोळा ठेवते, कारण तिला आनंदाचा जाब विचारायचा आहे.

हा जाब आरोग्याच्या दृष्टीनेही उलटतो. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे सारे चित्त अन्नाभोवती फिरू लागले. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. बंधन उठल्यावर त्यांतले अनेक जण पोट तुडुंब भरूनही भुकेलेलेच राहिले. सणासाठी उष्मांक 'वाचवून' ठेवणारी आमची भाची अंधारात डब्याशी का उभी होती, याचे उत्तर इथे आहे. तिचा निर्धार कमकुवत नव्हता. दिवसभर उपाशी ठेवलेल्या शरीराने रात्री आपले काम केले. त्या कामाला 'अतिखाणे' हे नाव देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास करणे म्हणजे व्याजासाठी नवे कर्ज काढणे.

चौकटीला न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आग्रह. मराठी पंगतीत माणूस एकटा जास्त खात नाही. त्याला खायला घातले जाते. 'एवढ्याने काय होतंय', 'माझ्या हातची एक तरी', 'ताटात टाकून उठू नये' या वाक्यांना प्रेमाची धार असते, हे खरे. त्यांत सत्ताही असते. वडीलधाऱ्यांनी धाकट्यावर, यजमानाने पाहुण्यावर, सासरच्यांनी जावयावर ती चालवायची. नको म्हणणाऱ्याने नात्यालाच नको म्हटले असे मानायचे. आग्रहाने पोट बिघडल्यावर आहारतज्ज्ञाने मात्र दोष एकट्या जेवणाऱ्याच्या संयमावर ठेवायचा. गोडा निवद असो की यात्रेतला खारा, ही रीत एकच. दुसऱ्याचे 'पुरे' ऐकू येण्याची सवय हा आमच्या मते कोणत्याही तक्त्याहून मोठा आहारनियम आहे.

आणि शेवटी, कोणाचे उष्मांक कोणी मोजलेच नाहीत? आठवडाभर चुलीपुढे तळण काढणारी आणि सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाऊन उठणारी वहिनी त्या चौकटीत नाही. बारामती-इंदापूर हा उसाचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या रानात उभ्या राहतात. आपल्या लाडवातली साखर त्या फडातून येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषाची दिवसाची गरज सुमारे २,११० आणि स्त्रीची १,६६० उष्मांकांची. कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाची ३,४७० आणि स्त्रीची २,७२०. पहाटे कोयता घेऊन निघणाऱ्या बाईला हे २,७२० मिळतात का, हा प्रश्न कोणत्या पुरवणीने दिवाळीत छापला? दांडेकर-रथ यांनी ज्या कामासाठी हे माप हाती घेतले होते ते काम त्या कोपीत अजून शिल्लक आहे.

आमच्यावर हवेत बोलल्याचा आरोप येऊ नये म्हणून आम्हाला काय हवे तेही सांगतो. ज्यांना मधुमेह, हृदयविकार वा तसा विकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर मोजावे. तिथे मोजणे हे औषध आहे आणि औषधाची आम्ही थट्टा करत नाही. इतरांनी सणाच्या दिवशी उपाशी राहून पंगतीला जाऊ नये. सकाळचे जेवण नेहमीसारखे घ्यावे. ताटात थोडे घ्यावे, सावकाश खावे, आवडते तेच पुन्हा मागावे आणि नावडत्याला भिडेपोटी जागा देऊ नये. जास्त झाले तर झाले. दुसऱ्या दिवशी भाकरी, पालेभाजी, आमटी असे रोजचे जेवण जेवावे, शिक्षा म्हणून उपास करू नये. यजमानाने एकदा विचारावे, दुसऱ्यांदा थांबावे. फराळ घरातल्या पुरुषांनीही करावा. ज्याने चार तास झारा धरला आहे त्याचा आग्रह आपोआप कमी होतो. आणि मोजण्याची हौस असेलच तर चहाची साखर मोजावी, तीही वर्षभर.

साहित्याच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. येत्या आश्विनात अशी चौकट दिसली की ती कापून वर्गात न्यावी आणि विद्यार्थ्यांना एखाद्या उताऱ्यासारखी वाचायला द्यावी. यात बोलणारा कोण, ऐकणारी कोण, 'पाप' हा शब्द इथे कोणत्या वाटेने आला, आणि या ताटात कोणाचे ताट धरलेलेच नाही, हे त्यांना विचारावे. उत्तरपत्रिकेसाठी आत्मचरित्रांतली भूक शिकवणारे आपण, आपल्याच वर्गात मागच्या बाकावर सकाळपासून न जेवता बसलेल्या मुलीला ओळखत नाही. तिच्या मोबाइलमध्ये आजही एक खतावणी उघडी आहे. हे कोणाचे देणे आहे, असे तिला कोणीतरी विचारले पाहिजे, आणि या वेळी कोणी हसता कामा नये.